पाडवा तिथंही होता

२०२३ सालचा पाडवा. नाथषष्ठीची गर्दी ओसरून पैठण जरा मोकळं झालं होतं. गुढ्या उभ्या राहिल्या, कडुलिंबाची चटणी तोंड वाकडं करत खाऊन झाली, आणि गल्लीतल्या एका काकूंचा जीव मात्र फोनमध्ये अडकला. मुलगा बालीत, उबुदला. पुण्यातल्या कंपनीचं काम तिथं खोलीत बसून करणारा. सणाच्या दिवशी त्याला व्हिडिओवर गुढी दाखवायची, त्यानं तिथून हात जोडायचे, मग सगळ्यांनी जेवायला बसायचं, असं ठरलेलं. "फोन लागंना हो भाऊ. सकाळपासून एकच टिक दिसू राह्यली." शेजारच्या पोरानं शोधून सांगितलं, की काकू, तिथं आज सगळंच बंद असतं, विमानतळसुद्धा. काकूंना ते काही केल्या पटेना. वर्षाच्या पहिल्या दिवशी कोण बंद पाळतं? शेवटी दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला फोन वाजला. तिथं तेव्हा सकाळचे सहा वाजले होते आणि मोबाइलचं नेट नुकतंच सोडलं होतं.

काकूंनी विचारलं, "तुला कुणी सांगितलं नव्हतं का रं?" हा प्रश्न त्या घरात विरून गेला असेल, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यातून जाण्यासारखा नाही. कारण सांगायचं काही बाकीच नव्हतं. त्याच्या खोलीसमोर बंजारचा मांडव आहे. बंजार म्हणजे तिथली वस्तीची संघटना. त्या मांडवात वस्तीतली पोरं आधीचे कित्येक दिवस बांबूचा सांगाडा बांधून त्यावर कागद चढवून डोळे वटारलेला, सुळे बाहेर आलेला राक्षस घडवत होती. याला ओगोह-ओगोह म्हणतात. मुलानं त्याचे फोटो काढले, स्टेटसला ठेवले, आणि काकूंनी इकडून त्याला नमस्काराचं चिन्हही पाठवलं. बघितलं सगळ्यांनी. हे कोणत्या तारखेसाठी चाललंय, एवढंच कुणी विचारलं नाही.

त्या दिवसाला न्येपी म्हणतात आणि तो शक संवत्सराचा पहिला दिवस असतो. शक तोच, आपल्या पंचांगावर छापलेला. त्या बुधवारी पैठणला शके १९४५ लागलं आणि उबुदलाही १९४५च लागलं. परंपरेनं या कालगणनेचं श्रेय प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्याच, शालिवाहनाला दिलं, इतिहासकार कुषाणांकडे आणि शक क्षत्रपांकडे बोट दाखवतात. तो वाद पैठणच्या माणसाशी न घातलेला बरा. इसवी सन ७८ पासूनची ही मोजणी जावामार्गे बालीत पोचली आणि तिथं टिकली. दोन्हीकडे चांद्रमास, दोन्हीकडे अधिक महिना. पण तो केव्हा घालायचा याचं गणित वेगळं. त्यामुळे आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर विसंबून न्येपी काढू नये. २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला होता आणि आपला पाडवा ९ एप्रिलला, कारण आदल्या वर्षी आपल्याकडे अधिक श्रावण येऊन गेला होता. २०२५ मध्ये एकाच दिवसाचा फरक, २९ आणि ३० मार्च. २०२६ मध्ये पुन्हा एकच तारीख, १९ मार्च.

पाडवा एकच, पण साजरा करायची तऱ्हा उलटी. न्येपीला सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत चार गोष्टी वर्ज्य: अग्नी आणि दिवा, काम, घराबाहेर पडणं, आणि करमणूक. रस्त्यावर फक्त पेचालांग, म्हणजे गावचे राखणदार, चौकटीचं लुंगीसारखं वस्त्र नेसून फिरतात. बाहेर दिसलात तर ते परत पाठवतात, खिडकीतून उजेड दिसला तर दार वाजवतात. दवाखान्याला आणि बाळंतपणाला सूट, बाकी कुणाला नाही, पाहुण्यांनाही नाही. विमानतळ चोवीस तास बंद, जावाकडची फेरीबोट बंद. २०१८ पासून मोबाइलचं इंटरनेटही बंद ठेवतात. तारेवरचं वायफाय बऱ्याच हॉटेलांत चालू राहतं, आणि नेमकं हेच ठाऊक नसल्यानं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नोकरी चालवणारे त्या दिवशी उघडे पडतात.

तयारी म्हटली तर अवघड नाही. क्लायंटला निदान आठवडाभर आधी मेल टाकावी आणि त्यात 'सुट्टी' एवढंच न लिहिता 'संपर्कच होणार नाही' असं स्पष्ट लिहावं. सुट्टी म्हटलं की लोक 'दोनच मिनिटं' म्हणून फोन करतात. लागणाऱ्या फायली लॅपटॉपवर उतरवून घ्याव्यात. आदल्या दिवशी दुपारीच खरेदी उरकावी, कारण संध्याकाळी राक्षसांच्या मिरवणुका निघतात, त्याच्या आधीपासून रस्ते अडतात आणि दुकानं लवकर शटर ओढतात. फळं, ब्रेड, उकडलेली अंडी, शिजवावं लागणार नाही असं काहीही. पिण्याच्या पाण्याचा १९ लिटरचा जार तिथं घरोघरी असतो, तो अर्धा असेल तर बदलून घ्यावा. थोडी रोकड काढून ठेवावी. पॉवर बँक भरावी. खिडकीला पडदा नसेल तर जाड चादर लावावी, म्हणजे आत मंद दिवा लावून पुस्तक तरी वाचता येतं. आणि आईला फोन करावा. आदल्या दिवशी.

पण ही यादी कुठल्याही प्रवासवाल्याच्या व्हिडिओत मिळते. तो मुलगा असले व्हिडिओ पाहूनच गेला होता. तरी चुकलं, ते का, हा खरा प्रश्न. मराठवाड्यातून आता बरीच पोरंपोरी अशी निघाली आहेत. नांदेडची चियांग मायला, लातूरची तिबिलिसीला, संभाजीनगरची लिस्बनला. घरच्यांना काळजी असते ती जेवणाची आणि भाषेची. या दोन्हींची सोय माणूस पंधरा दिवसांत कशीबशी लावतो. अवघड जातं ते वेळेचं.

जागा बालीची, घड्याळ मात्र क्लायंटचं.

बाली आपल्या अडीच तास पुढं. पुण्याच्या दहाच्या मीटिंगला तिथं साडेबारा होतात, म्हणजे सकाळ अख्खी हातात राहते. ज्याचा क्लायंट न्यूयॉर्कचा, त्याची सकाळी नऊची मीटिंग बालीत रात्री नऊला किंवा दहाला पडते. अमेरिकेतली घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात, तेवढा तासाचा फरक. मीटिंग संपून काम सुरू होणार मध्यरात्री, झोपणार पहाटे, उठणार दुपारी. आता तिथला दिवस बघा. भाजीबाजार उजाडायच्या आत भरतो आणि उन्हं वर यायच्या आत आवरतो. घरची बाई अंगणात फुलं ठेवते ती सकाळी. म्हातारी माणसं ओट्यावर गप्पा मारतात ती सकाळी. दुपारी दोनला डोळे चोळत बाहेर आलेल्याला गावातली फक्त दुकानं दिसतात, माणसं दिसत नाहीत. मग तो आपल्यासारख्याच दुपारी उठणाऱ्यांच्या कॅफेत जाऊन बसतो आणि सहा महिन्यांनी सांगतो, की तिथले लोक छान आहेत पण जवळ करत नाहीत. अमेरिकेचं काम असेल तर पश्चिमेकडं जावं. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ तेव्हा लिस्बनला दुपारचे दोन असतात. सकाळ गावाची, दुपार-संध्याकाळ कंपनीची. हा साधा हिशोब घरभाड्याच्या आणि समुद्राच्या फोटोंच्या नादात मागं पडतो.

दुसऱ्याच्या वेळेवर परमुलखात राहणं मराठवाड्याला नवं नाही, हेही इथं म्हटलं पाहिजे. दसरा झाला की बीडकडून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. कारखान्याच्या गाळपावर त्यांचं वर्ष चालतं. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोपी उसाच्या फडाजवळ पडते, आणि भरायची गाडी मध्यरात्री आली तर मध्यरात्री उठून मोळ्या डोक्यावर घ्याव्या लागतात. ज्या गावात पाच-सहा महिने काढले, त्या गावची जत्रा कोणत्या तिथीला असते हे त्या बाईला माहीत नसतं, कारण तिला कुणी बोलावलेलंच नसतं. लॅपटॉपवाल्याची आणि तिची बरोबरी करणं पाप होईल. तो कधीही तिकीट काढून परत येऊ शकतो, तिची उचल फिटेपर्यंत सुटका नाही. तरी 'रुळणं' म्हणजे काय याचा विचार करताना ती आठवतेच. जिथं आपली वेळ आपल्या हाती नाही, तिथं गाव कितीही चांगलं असलं तरी लांबच राहतं.

बालीत तर वेळेचे थर आहेत. शक आहे, इंग्रजी तारीख आहे, आणि तिसरं २१० दिवसांचं चक्र आहे, पावुकोन. सात दिवसांचे तीस आठवडे. त्यातच तीन दिवसांचा आठवडा, पाच दिवसांचा आठवडा असे आणखी आठवडे एकावर एक फिरत असतात. गावोगावचा बाजार परंपरेनं तीन दिवसांच्या आठवड्यावर भरतो. गालुंगान हा मोठा सण दर २१० दिवसांनी, नेहमी बुधवारी, आणि त्यानंतर दहाव्या दिवशी, शनिवारी, कुनिंगान. बहुतेक देवळांचा वर्धापनदिनही याच चक्रावर. म्हणजे इंग्रजी वर्षात एखादा सण दोनदासुद्धा येतो. आता हिशोब करा: विमानतळावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा, एकदा वाढवून ६०. साठ दिवसांत २१० दिवसांचं चक्र दिसणार कसं? वर्षभर राहून दूरून काम करायचा वेगळा व्हिसा आहे, पण त्याला वर्षाला ६० हजार डॉलरची मिळकत दाखवावी लागते. आपल्याकडच्या किती जणांची तेवढी असते? त्यामुळे पोरं दोन महिने बाली, दोन महिने दुसरीकडे, असं करतात आणि प्रत्येक गावचा एक तुकडा पाहून पुढं सरकतात. यावर उपाय घरमालकाच्या भिंतीवरच टांगलेला असतो. बालीच्या घरांत एक मोठं छापील कॅलेंडर असतं, चौकटी बारीक अक्षरांनी गच्च भरलेल्या, आपल्या पंचांगासारखंच. पहिल्या दिवशी ते उतरवून घ्यावं, घरच्या बाईला शेजारी बसवावं आणि येत्या दोन महिन्यांत रस्ता कधी बंद, घरात कार्य कधी, आवाज कधी नको, कुठल्या दिवशी ती स्वतः घरी नाही, एवढं खुणेनं लावून घ्यावं. अर्ध्या तासाचं काम. भाषा येत नसली तरी बोट ठेवून होतं.

मराठी माणसाला तिथं आणखी एक अडचण असते, जी जर्मनाला नसते. त्याला सगळं ओळखीचं वाटतं. देवळं, गणपती, सरस्वती, रामायणातली नावं, गालुंगानला दारोदारी वाकवलेला उंच बांबू. हा बांबू, पेंजोर, बघितला की गुढी आठवणारच. आठवू द्यावी, पण तिथंच थांबावं. 'हे तर आपलंच' म्हणून जो पुढं घुसतो तो ठेचकाळतो. देवळात जाताना कमरेला कामेन हे वस्त्र आणि त्यावर पट्टा बांधल्याशिवाय आत सोडत नाहीत, मग तुम्ही सोवळ्यातले असा नाहीतर कुणी. पाळी चालू असलेल्या बाईनं आत येऊ नये, असं दारावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. घरात मयत झालं असेल तर त्या घरच्यांनाही ठराविक काळ बंदी असते. पाळीच्या नियमावर आपल्या पोरींना राग येतो, आणि तो रास्त आहे. पण आपल्याकडचा तोच नियम गिळून तिथल्या पाटीचा फोटो टाकणं मला जरा सोयीचं वाटतं. नैवेद्यात बदक आणि डुक्कर असतं, अंडं असतं, ताडी-अरक असते. शाकाहारी मंडळींचा चेहरा पहिल्या गालुंगानला पाहण्यासारखा होतो.

रोजची चानांग सारी हा याहून नाजूक मामला. नारळाच्या कोवळ्या पानाची तळहाताएवढी चौकोनी टोपली, पूर्वेला पांढरं फूल, दक्षिणेला तांबडं, पश्चिमेला पिवळं, उत्तरेला निळं किंवा हिरवं, वर चिमूटभर भात किंवा बिस्किटाचा तुकडा आणि पेटती उदबत्ती. ही पायरीवर, दुकानाच्या फळीवर, स्कूटरवर, फुटपाथवर कुठंही ठेवलेली असते. उदबत्ती जळतीय तोवर ओलांडू नये. विझली की तिचं काम झालं. कुत्री भात खातात, मुंग्या येतात, संध्याकाळी झाडून टाकतात. नवखा माणूस एकतर धूर येतोय तोवरच त्यावरून स्कूटर बाहेर काढतो, नाहीतर भीतीनं विझलेल्या टोपलीपुढंही ताटकळतो.

तुंपेक लांदेप नावाचा एक दिवस येतो, तोही २१० दिवसांनी, शनिवारी. शस्त्रांचा आणि धातूच्या वस्तूंचा. पूर्वी खंजीर आणि कोयते पूजत, आता मोटारी, स्कूटर आणि कॉम्प्युटरही. घरमालकीण ताट घेऊन येते, ओळीनं सगळ्यांची पूजा करते आणि तुमच्या टेबलावरच्या लॅपटॉपपाशी थांबते. परवानगी विचारते, नुसत्या नजरेनं. इथं लाजू नये, नाहीही म्हणू नये. फक्त तिच्या येण्याआधी चार्जर काढावा, लॅपटॉप पूर्ण बंद करून झाकण मिटावं, कारण ती तीर्थ शिंपडते आणि वर तांदळाचे दाणे टाकते. नंतर कोरड्या फडक्यानं पुसावं आणि कीबोर्डच्या फटीत गेलेला दाणा उलटा करून झटकावा, टाचणीनं उकरू नये. खंडेनवमीला ज्याच्या घरी ट्रॅक्टरला हार घातला जातो त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, एवढा एक फायदा आपल्याला आहे.

जेवणाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर घराघरांत गरजेपेक्षा जास्त बोललं जातं. सांबाल म्हणजे मिरचीचा ठेचाच, दगडी खलात वाटलेला, पण त्यात बहुधा तेरासी असते, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा. शाकाहारी आहे म्हटलं तरी ती येते, कारण तिथं तिला मासे म्हणून कुणी मोजत नाही, मसाला म्हणून मोजतात. म्हणून वारुंगमध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या खाणावळीत, 'तेरासी नको' हे नाव घेऊन सांगावं. क्रुपुक म्हणून येणारे पापड कोळंबीचे असू शकतात. तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, आणि तळलेलं टोफू कुठंही मिळतं, गाडो-गाडोवर, म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर, शेंगदाण्याची दाट चटणी असते, लातूर-बीडकडच्या जिभेला ती पटकन जमते. वरचं अंडं मात्र आधीच नको म्हणावं. भाकरीचं म्हणाल तर ज्वारीचं पीठ घरून नेण्यात फार अर्थ नाही. दमट हवेत ते लवकर जुनं होतं, विरी जाते आणि भाकरी थापतानाच फाटते. उकळत्या पाण्यात पीठ मळलं तर थोडं सावरतं. धपाटे दोन-तीन दिवस टिकतात, तेवढीच हौस.

आता हे सगळं उलटं करून बघावंसं वाटतं. लातूरला शिकवण्यांसाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून हजारो मुलं येतात, खोल्या घेतात, मेस लावतात. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, अख्खं शहर शेतात जातं. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, बाजार ओस, रिक्षा नाहीत. शेतात कडब्याची कोप, आत पाच पांडव मांडलेले, आणि बाहेर पंगत: तुरीच्या, हरभऱ्याच्या, वाटाण्याच्या हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. ज्याला शेत नाही त्याला दुसऱ्याच्या शेतात बोलावणं असतं. या मुलखाला आपल्या या आगतस्वागताचा अभिमान आहे आणि तो खोटा नाही. पण खानदेशातून किंवा विदर्भातून आलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला हा दिवस कळतो तो मेसला कुलूप दिसल्यावर. घरमालकांना वाटतं एवढं तर कुणालाही माहीत असतं. उबुदच्या घरमालकालाही तसंच वाटलं असणार.

लातूरच्या मेसवाल्यांनी महिनाभर आधी दारावर तारीख लिहिली, सोबत 'दुपारचं आणि रात्रीचं जेवण नाही' एवढं लिहिलं, तरी निम्मं काम होईल. घरमालकानं भाडं घेतानाच एकदा सांगावं. आणि मुलांनी वाट बघत बसू नये. वर्गात औशाचा, निलंग्याचा, रेणापूरचा कुणी ना कुणी असतोच. त्याला आदल्या संध्याकाळी विचारायचं, "उद्या तुमच्या शेतात येऊ का रे?" गाडीत जागा नसली तरी तो नाही म्हणणार नाही. जाताना डबा न्यायचा नाही, येताना मात्र एक रिकामा डबा जवळ असलेला बरा, कारण भज्जी रात्रीलाही बांधून देतात.